चिकानो रॉक ऐकायचं कसं, आणि त्यातली चळवळ नेमकी कुठे शोधायची

चिकानो रॉक म्हणजे निषेधाची गाणी असं कुठेतरी वाचून बरेच जण सुरुवात करतात आणि पहिल्या दोन-तीन गाण्यांतच हिरमुसतात, कारण कानावर येतं ते एखाद्या पोरीवरचं गाणं, नाहीतर गाड्या फिरवायच्या रस्त्यावरचं गाणं, नाहीतर शब्दच नसलेलं ऑर्गनचं वाजवणं. माझंही अगदी हेच झालं. मी लिरिक्स उघडून, शेजारी स्पॅनिश डिक्शनरी ठेवून बसलो होतो आणि विचार करत होतो की अरे यात सरकारला शिव्या कुठे आहेत? बरेच महिने ऐकल्यावर लक्षात आलं की मी शोधतोय तीच जागा चुकीची आहे. या संगीतातली चळवळ शब्दांत कमी आणि शब्दांच्या आजूबाजूला जास्त आहे, म्हणजे बँडचं नाव काय ठेवलं, रस्ता कुठला, कुठल्या भाषेत गायलं, कोणासाठी वाजवलं आणि तिकिटाचे पैसे कोणाकडे गेले. हे सगळं कसं ऐकायचं ते माझ्या पद्धतीने सांगतो, पटेल तेवढं घ्या.

आधी एक छोटी गोष्ट क्लिअर करून घेऊ, नाहीतर पुढे सगळा गोंधळ होतो. चिकानो म्हणजे लॅटिन अमेरिकेतला कोणीही नव्हे, आणि मेक्सिकोत स्पॅनिशमधे होणारं रॉक हेही चिकानो रॉक नाही. चिकानो म्हणजे अमेरिकेत वाढलेली मेक्सिकन वंशाची माणसं, तीही ज्यांनी हे नाव स्वतःहून लावून घेतलं ती. १८४८ मधे युद्ध हरल्यावर मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपास भूभाग, म्हणजे आजचं कॅलिफोर्निया वगैरे, अमेरिकेकडे गेला, तिथे राहणारे लोक होते तिथेच राहिले पण देश बदलला. म्हणून त्यांच्यात एक बोलणं आहे की आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आम्हाला ओलांडून गेली. चिकानो हा शब्द आधी हेटाळणीचा होता, साठच्या दशकात तरुण पोरांनी तोच उचलून छातीवर लावला. रुबेन सालाझार नावाचा पत्रकार होता लॉस एंजेलिस टाइम्समधे, त्याने १९७० मधे साधारण असं लिहिलं की चिकानो म्हणजे असा मेक्सिकन-अमेरिकन जो स्वतःकडे गोऱ्यांच्या नजरेने बघत नाही. हे लक्षात ठेवा आणि सालाझारलाही लक्षात ठेवा, तो परत येणारे.

आता पहिलं काम, आणि यासाठी गाणं लावायचीही गरज नाही: नावं वाचा. नुसती नावं. रिची व्हॅलेन्सचं खरं नाव रिचर्ड व्हॅलेन्झुएला, लॉस एंजेलिसच्या पकोइमा भागातला पोरगा, रेकॉर्ड कंपनीवाल्याने आडनाव कापून व्हॅलेन्स केलं कारण पूर्ण नाव ऐकलं की रेडिओवाले मेक्सिकन म्हणून बाजूला ठेवतील ही भीती. 'वुली बुली'वाला सॅम द शॅम म्हणजे डॅलसचा डोमिंगो सामुदिओ. फ्रेडी फेंडर म्हणजे बाल्देमार वेर्ता, त्याने तर गिटारच्या कंपनीचंच नाव घेतलं. 'नाइंटी सिक्स टिअर्स' हे १९६६ चं नंबर वन गाणं ज्या मिशिगनच्या बँडचं, त्यातली पोरं टेक्ससहून आलेल्या मेक्सिकन शेतमजुरांच्या घरातली, आणि गायकाने नावाच्या जागी चक्क प्रश्नचिन्ह टाकलं! म्हणजे साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत नाव लपवायचं हा नियमच होता.

मग १९६८ नंतरची नावं वाचा. व्हीआयपीज नावाचा ईस्ट एल.ए.चा (म्हणजे पूर्व लॉस एंजेलिसचा) एक बँड होता, त्यांचं नाव झालं एल चिकानो. टेक्ससमधे लिटल ज्यो अँड द लॅटिनेअर्स होते ते झाले लिटल ज्यो इ ला फामिलिया, म्हणजे लिटल ज्यो आणि कुटुंब, तेही स्पॅनिशमधे. नवीन बँड निघाले ते तिएर्रा, म्हणजे जमीन. आणि १९७३ मधे निघालेल्या एका बँडने तर पूर्ण पत्ताच नावात टाकला, लोस लोबोस देल एस्ते दे लोस आंहेलेस, पूर्व लॉस एंजेलिसचे लांडगे. दहा-बारा वर्षांत इतका फरक, आणि एक ओळ गायच्या आधीच. मला विचाराल तर या संगीतातली सगळ्यात मोठी राजकीय कृती हीच आहे, बाकीचं नंतर.

दुसरं काम, नकाशा उघडा. खरंच उघडा, फोनवर, आणि ईस्ट लॉस एंजेलिसमधला व्हिटियर बुलेव्हार्ड शोधा. आता दी मिडनायटर्स या बँडचं त्याच नावाचं १९६५ चं गाणं लावा (शोधताना लक्ष द्या, त्यांच्या 'दी'च्या स्पेलिंगमधे दोन ई आहेत, एक ई टाकलात तर दुसराच कोणीतरी बँड समोर येतो). गाण्यात जवळजवळ शब्द नाहीत, सुरुवातीला चला व्हिटियर बुलेव्हार्डला जाऊ असं ओरडतात, आरीबा वगैरे होतं आणि मग नुसता गिटार-ऑर्गनचा धडाका. गंमत म्हणजे ही ट्यून रोलिंग स्टोन्सच्या एका वाद्यगीतावर बेतलेली, आणि स्टोन्सनी त्याला नाव दिलं होतं शिकागोच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या पत्त्याचं. म्हणजे ब्रिटिश पोरांनी लांबच्या शहराचा पत्ता गाण्याला दिला, आणि ईस्ट एल.ए.च्या पोरांनी तीच आयडिया उचलून स्वतःच्या दारातला रस्ता टाकला. त्या रस्त्यावर शनिवार-रविवार रात्री पोरं गाड्या हळूहळू फिरवत, याला क्रूझिंग म्हणतात, एकमेकांना बघायचं, रेडिओ मोठा लावायचा, बस. पुढे कॅलिफोर्नियात शहराशहरांनी क्रूझिंगवर बंदीचे बोर्ड लावले आणि ती बंदी घालायचा शहरांचा अधिकार राज्याने काढून घेतला तो थेट २०२४ च्या सुरुवातीपासून. नुसतं हळू गाडी चालवणं, पण त्याच्यासाठी किती वर्षं गेली बघा.

नकाशा अजून बंद करू नका. २९ ऑगस्ट १९७० ला व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात चिकानो मोरेटोरियमचा मोर्चा निघाला, वीस-तीस हजार लोक, आणि तो याच व्हिटियर बुलेव्हार्डवरून लगुना पार्कला गेला. पार्कात गाणी-भाषणं चालू असताना पोलीस घुसले, अश्रुधूर, पळापळ. त्याच दिवशी त्याच रस्त्यावरच्या सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमधे बसलेल्या रुबेन सालाझारला एका डेप्युटीने, म्हणजे पोलिसानेच, झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं डोक्याला लागलं आणि तो जागीच गेला. आज त्या पार्कला त्याचंच नाव आहे. आता हे वाचून झाल्यावर ते १९६५ चं गाणं परत लावा. गाणं तेच आहे, एक सूर बदललेला नाही, पण तुम्हाला वेगळं ऐकू येईल, आणि तिथल्या लोकांनाही १९७० नंतर ते वेगळंच ऐकू येत असणार असं मला तरी वाटतं.

याच बँडचं 'चिकानो पॉवर' नावाचं गाणंही आहे, तेही बहुतेक वाद्यांचंच, मधेमधे ओरडणं. घोषणा नावात टाकली आणि खाली नाचायला ठेका दिला.

म्हणून तिसरी सवय अशी लावा की गाण्यात शब्द नसतील किंवा शब्द अगदीच साधे प्रेमाचे असतील तर पुढे ढकलू नका. एल चिकानोचं 'व्हिवा तिरादो' हे १९७० चं, एका जॅझवाल्याने मेक्सिकन बुलफायटरवर बांधलेली मूळ ट्यून, वाजवणारे ईस्ट एल.ए.चे. रेडिओवर निवेदक दर वेळी 'एल चिकानो' असं म्हणणार, देशभर, त्याच वर्षी जेव्हा पेपरात चिकानो हा शब्द दंगलीच्या बातमीत येतोय. वीस वर्षांनी, १९९० मधे, किड फ्रॉस्ट नावाच्या रॅपरने हीच ट्यून घेऊन त्याच्यावर 'ला रासा', म्हणजे आपले लोक, हे गाणं केलं. मालो या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडचं १९७२ चं 'सुआवेसितो' ऐका, प्रसिद्ध गिटारवाला कार्लोस सँतानाचा भाऊ होर्हे त्या बँडमधे गिटारला. गाणं निव्वळ लाडीगोडीचं आहे, एकाही ओळीत लढा नाही, आणि तरी त्याला लोक चिकानोंचं राष्ट्रगीत म्हणतात. मला हे आधी अजिबात पटायचं नाही. पण विचार करा, ज्यांना टीव्हीवर एक तर चाकूवाला गुंड नाहीतर झोपाळू मजूर म्हणूनच दाखवतात त्यांच्यातला एक मुलगा मृदू आवाजात स्पॅनिश-इंग्लिश मिसळून प्रेमाचं गाणं गातो आणि ते टॉप ट्वेंटीत जातं, हे काही कमी नाही.

भाषेबद्दल एक सांगतो. इंग्लिश आणि स्पॅनिशमधे उड्या मारणं म्हणजे गाणारा अर्धवट आहे असं समजू नका. शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून शिक्षा व्हायच्या, आणि मार्च १९६८ मधे ईस्ट एल.ए.च्या हायस्कूलमधली हजारो मुलं वर्गातून उठून बाहेर आली तेव्हा त्यांच्या मागण्यांत द्विभाषिक शिक्षण आणि स्वतःचा इतिहास अभ्यासक्रमात असावा हे होतं. तेव्हा गाण्यात 'ओरले' (साधारण 'चल रे') किंवा 'व्हातो' ('पोरगा') असे चिकानो बोलीतले शब्द ऐकू आले की थांबा, रिवाइंड करा, कुठल्या शब्दाच्या वेळी भाषा बदलली ते बघा. पण प्रत्येक गाणं स्पॅनिशमधे असावं ही अपेक्षाही नको, अनेकांना धड स्पॅनिश येतच नव्हतं. व्हॅलेन्स स्वतः घरी इंग्लिश बोलत वाढला, 'ला बांबा'चे शब्द त्याला बसून पाठ करावे लागले.

चौथं, पैसे कुठे गेले ते शोधा. हे कंटाळवाणं वाटेल पण इथेच सगळ्यात जास्त सापडतं. सप्टेंबर १९६५ मधे कॅलिफोर्नियातल्या डेलानोला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा संप सुरू झाला, आधी फिलिपिनो मजूर उतरले, आठवड्याभरात सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्तांची मेक्सिकन मजुरांची संघटना सामील झाली, आणि तो पाच वर्षं चालला. त्याच वर्षी लुइस व्हाल्देझने तेआत्रो कांपेसिनो, म्हणजे शेतमजुरांचं थिएटर, काढलं, ट्रकच्या मागच्या उघड्या भागावर उभं राहून मजूरच नाटकं करायचे आणि गाणी म्हणायचे. कोरिडो नावाचा प्रकार आहे, घडलेली गोष्ट नावागावासकट गाऊन सांगायची, साधारण आपला पोवाडा समजा. लालो गेर्रेरोने डेलानोच्या संपावर कोरिडो केला, दी मिडनायटर्सनी चावेझवर एक बॅलड केलं. लिटल ज्योचं १९७२ चं 'लास नुबेस' शेतमजुरांच्या चळवळीचं गाणं होऊन बसलं, त्याचा अर्थ नुसता 'ढग' आहे. आणि १९७६ चा 'सी से पुएदे' ('हो, जमतं', ही संघटनेची घोषणा) नावाचा अल्बम मिळाला तर जरूर ऐका, तो शेतमजूर संघटनेच्या मदतीसाठी काढलेला, आणि त्यात वाजवणारी एक अगदी कोवळी मंडळी म्हणजे लोस लोबोस. स्वतःचा अल्बम काढायच्या आधी ते संपासाठी वाजवत होते. हे माहीत असलं की मग १९८७ मधे त्यांचं 'ला बांबा' नंबर वन झालं तेव्हा हे कुठून आलेत हे कळतं, आणि नंबर वन झाल्यावर लगेच पुढच्या वर्षी त्यांनी रॉक सोडून निव्वळ जुन्या मेक्सिकन वाद्यांचा 'ला पिस्तोला इ एल कोरासोन' का काढला तेही कळतं. मॅनेजरच्या पोटात गोळाच आला असेल.

लोस लोबोसचा अजून एक किस्सा. १९८० मधे ते पब्लिक इमेज लिमिटेड या पंक बँडच्या आधी स्टेजवर गेले, पारंपरिक वाद्यं घेऊन, आणि पब्लिकने हूट केलं, हाताला येईल ते फेकलं.

पण याचा अर्थ पंक आणि चिकानो वेगळे असं नाही, उलट याच काळात ईस्ट एल.ए.त स्वतःचं पंक उभं राहत होतं. सेल्फ हेल्प ग्राफिक्स नावाचं आर्ट सेंटर होतं, एका ननने, सिस्टर कॅरेन बोकालेरोने उभं केलेलं, तिथे पोस्टर छापायचे, आणि १९८० च्या सुमाराला तिथेच व्हेक्स नावाचा पंक क्लब चालू झाला. ननच्या इमारतीत पंक! तिथल्या बँडपैकी लोस इलीगल्सचं 'एल ले' ऐकाच. नावात कोटी आहे, एल.ए. हे स्पॅनिश तोंडाने म्हणलं की तसं होतं. गाण्यातला माणूस कोपऱ्यावर उभा आहे, जायला जागा नाही, कोणीतरी येऊन नाव विचारतो, याला त्याची भाषा येत नाही, तो याला घेऊन जातो. संपलं. चारच वाक्यात इमिग्रेशनची धाड. माझं सगळं म्हणणं खोडून काढणारं गाणं आहे हे, इथे चळवळ सरळ शब्दांतच आहे, पण पंकच्या स्पीडमुळे शब्द नीट ऐकूच येत नाहीत त्यामुळे इथे मात्र लिरिक्स घेऊन बसा. सोबत द ब्रॅट ऐका (गायिका तेरेसा कोव्हारुबियास) आणि द बॅग्सची ॲलिस बॅग. चळवळीतल्या मोर्च्यांत बायका चहा-पाणी आणि टायपिंगला, माइकवर पुरुष, असा प्रकार बराच होता, त्यावर चिकाना बायकांनी तेव्हाच भरपूर लिहून ठेवलंय. पंकमधे बायका डायरेक्ट माइकवर आल्या. ॲलिस बॅगचं ओरडणं ऐकताना लक्षात ठेवा की ती घरात रांचेरा ऐकत वाढलेली आहे, ती मेक्सिकन गाणी ज्यात गाणारा भर मैफिलीत काळीज फाडून रडतो. ते एकदा कानात बसलं की तिचं ओरडणं अमेरिकन पंकसारखं वाटतच नाही.

आता मुख्य एक्सरसाइज. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि फक्त हे करा. 'ला बांबा' चार वेळा लावा, चार वेगवेगळ्या लोकांचं, एकामागून एक, मधे काही नाही.

आधी व्हॅलेन्सचं १९५८ चं. हे मुळात मेक्सिकोच्या व्हेराक्रुझ भागातलं लोकगीत, सोन हारोचो प्रकारातलं, हाराना नावाच्या छोट्या गिटारवर आणि तारिमा या लाकडी पाटावर पाय आपटत गायचं. सतरा वर्षांच्या पोराने त्याला इलेक्ट्रिक गिटार लावली, आणि एका स्लो प्रेमगीताच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ते टाकलं. ३ फेब्रुवारी १९५९ ला विमान पडून तो गेला, सतराच वर्षांचा. त्यातली ओळ लक्षात ठेवा, मी खलाशी नाही, मी कप्तान आहे. लोकगीतातली जुनी ओळ आहे, त्याने बनवलेली नाही, पण आडनाव कापून घ्यावं लागलेला पोरगा ती म्हणतोय.

मग द प्लगझचं १९७९ चं, पंक स्पीडमधे, शब्दही बदललेले, आदर वगैरे काही नाही. मग लोस लोबोसचं १९८७ चं, आणि हे शेवटपर्यंत ऐका, कारण शेवटी सगळा रॉक गळून पडतो आणि नुसती जुनी हारोचो वाद्यं राहतात, इलेक्ट्रिक गिटारच्या आधीचं गाणं परत वर येतं. हॉलिवूडच्या पिक्चरसाठी केलेल्या गाण्यात त्यांनी ते गुपचूप घुसवलं असं मला नेहमी वाटतं. आणि चौथं लास काफेतेरासचं 'ला बांबा रेबेल्दे', २०१२ च्या अल्बममधलं, ईस्ट एल.ए.ची पोरं जी हे संगीत एका कम्युनिटी सेंटरच्या क्लासमधे शिकली. यात शब्द सरळच बदललेत, आम्ही सीमा मानत नाही, आम्ही चिकानो आहोत असे.

एकच गाणं इतकं वाकतं कसं? कारण सोन हारोचोची पद्धतच तशी आहे, धृपद आणि चाल ठरलेली, कडवी मात्र ज्याला सुचतील त्याने जोडायची, रात्रभर फान्दांगो, म्हणजे सगळ्यांनी जमून गायचा-नाचायचा कार्यक्रम, चालतो आणि कोणीही पाटावर चढू शकतं. म्हणजे गाण्यातच सगळ्यांसाठी जागा सोडलेली आहे. १९९४ मधे कॅलिफोर्नियात प्रपोझिशन १८७ आलं, कागदपत्रं नसलेल्यांना शाळा-दवाखाने बंद करणारं, मतदानात पासही झालं (पुढे कोर्टात अडकलं), आणि त्याच वर्षी १ जानेवारीला मेक्सिकोच्या चियापास राज्यात झापातिस्तांचा, म्हणजे आपल्या हक्कांसाठी लढणाऱ्या तिथल्या आदिवासींचा, उठाव झाला होता. या दोन्हीच्या मधे सापडलेल्या ईस्ट एल.ए.च्या पिढीने, केत्साल बँड आणि त्याची गायिका मार्था गोन्झालेझ वगैरेंनी, फान्दांगोची पद्धतच उचलली, नुसतं संगीत नाही. १९९७ मधे इथले कलाकार चियापासला जाऊन झापातिस्तांना भेटूनही आले. केत्सालला २०१३ मधे ग्रॅमी मिळालं पण त्यांचं खरं काम बघायचं तर लोकांसोबत बसून गाणं लिहिण्याच्या वर्कशॉपमधे आहे. याच पिढीचे ओझोमात्ली आणि रेज अगेन्स्ट द मशीन, २००० च्या ऑगस्टमधे डेमोक्रॅटिक पार्टीचं अधिवेशन आत चालू असताना हे दोघं बाहेर रस्त्यावर वाजवत होते आणि शेवट रबरी गोळ्यांत झाला. रेज तुम्ही ऐकलेलेच असणार त्यामुळे जास्त सांगत नाही, फक्त त्यांचा गायक झॅक दे ला रोचाचे वडील चिकानो चित्रकार होते हे डोक्यात ठेवून परत ऐका.

काही बारीकसारीक गोष्टी. सँतानापासून सुरुवात करू नका, वाईट आहे म्हणून नाही, पण तो इतका मोठा आहे की बाकीचे त्याच्या सावलीत जातात. एका बसणीत चार-पाच गाण्यांच्या वर जाऊ नका. जुनी गाणी हेडफोनवर न ऐकता स्पीकरवर ऐका, ती डान्स हॉल आणि गाडीसाठीच केलेली आहेत, आणि खोलीत अजून कोणी असेल तर उत्तमच. प्रत्येक बँडला जबरदस्तीने क्रांतिकारक करू नका, अनेकांना फक्त पोरांना नाचवायचं होतं आणि चार पैसे मिळवायचे होते, ते नाचणाऱ्या पोरांनी पुढे काय केलं हा वेगळा प्रश्न. आणि मित्रांना ऐकवताना आधी इतिहासाचं लेक्चर देऊ नका (मी दिलंय, लोक फोन बघायला लागतात), आधी व्हिटियर बुलेव्हार्ड लावा, मग नकाशा दाखवा, मग ऑगस्ट १९७० सांगा, मग परत लावा.

शेवटी व्हिडिओ बघायचाच असेल तर फान्दांगो फ्रोन्तेरिसो शोधा. २००८ पासून बरीच वर्षं अमेरिकेतलं सॅन दिएगो आणि मेक्सिकोतलं तिहुआना यांच्या मधे जिथे सीमेचं लोखंडी कुंपण समुद्रात उतरतं, तिथे दोन्ही बाजूंना लोक हाराना घेऊन जमायचे आणि एकच गाणं वाजवायचे, एक कडवं इकडून आणि पुढचं तिकडून.